शेवटचा आकडा बरोबर, बिअर चूक: किट सोडून दाण्याकडे वळताना बिघडलेला एक घाणा

लंडनच्या पश्चिमेकडच्या एका मराठी घरातलं हे प्रकरण. कृती साध्या इंग्लिश पेल एलची, घाणा वीस-एकवीस लिटरचा. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) अख्खं आणून घरी भरडलेलं, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे, यीस्ट सुकं. बाटल्यांत तीन आठवडे मुरल्यावर चव घेतली तर बिअर पाणचट, आणि पाणचट असूनही कडू. दोन घोटांनंतर हिरड्या कोरड्या पडत होत्या. ताकद पाच टक्के यायला हवी होती, हिशेब तीन टक्क्यांवर थांबला.

याआधी याच गृहस्थांनी याच स्वयंपाकघरात, याच नळाच्या पाण्यावर किटचे दोन घाणे केले होते आणि दोन्ही उत्तम उतरले होते. १.७ किलोचा हॉप्स घातलेल्या माल्ट अर्काचा डबा, १ किलो ब्रूइंग शुगर आणि २३ लिटर होईपर्यंत पाणी. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती याचं माप) १.०३८, यीस्टने साखर खाल्ल्यावर शेवटची १.००८. त्यामुळे दाण्याच्या या पहिल्या घाण्याच्या वेळी संशय स्वतःवर किंवा पाण्यावर गेला नाही, यीस्टच्या पाकिटावर गेला. तो चुकीचा होता. का, हे पाहायचं तर आधी किट आपल्यासाठी काय काय करून ठेवतं ते पाहावं लागतं.

डब्यातला अर्क म्हणजे कारखान्यात भरडलेलं, ठरलेल्या तापमानाला पाण्यात मुरवून गोड केलेलं (या मुरवण्यालाच मॅश म्हणतात) आणि मग आटवलेलं जव. कोणती साखर किती, म्हणजे यीस्ट खाईल अशी किती आणि नुसतीच बिअरच्या अंगात, म्हणजे दाटपणात, राहील अशी किती, हे तिथेच ठरलेलं असतं. मॅशचं पाणीही तिथलंच असतं. घरी आपण घालतो ते फक्त पातळ करायला. नळाचं पाणी कितीही जड असलं तरी दाण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, कारण दाणा घरात आलेलाच नसतो. किट सोडलं की भरड, मॅशचं तापमान आणि पाणी ही तिन्ही कामं एकदम आपल्याकडे येतात. या घाण्यात तिन्ही बिघडली होती. त्यातल्या दोन बिघाडांचं मूळ एकाच उपकरणात होतं, म्हणून प्रकरण नीट लिहून ठेवण्यासारखं आहे.

कायद्याचं आधीच सांगून टाकू. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. स्वतःसाठी हवी तेवढी करा, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे, किटची असो वा दाण्याची.

कृती, जशी झाली तशी

मारिस ऑटर पेल माल्ट ४.५ किलो, क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम. भरड हाताने फिरवायच्या, दोन लोखंडी तबकड्यांच्या गिरणीवर. मॅश नळ बसवलेल्या कूलबॉक्समध्ये, आत जाळीचा पाइप. मॅशसाठी १२ लिटर पाणी, म्हणजे किलोला साधारण अडीच लिटर, तापवलं ७४ अंशांना. दाणा १८ अंशांचा. मिसळल्यावर थर्मामीटर ६६ दाखवत होता, अगदी कृतीप्रमाणे. तासाभराने नळ पूर्ण उघडून वर्ट (दाण्यातून उतरलेलं गोड पाणी) काढलं, मग १९.५ लिटर पाणी ८० अंशांना तापवून दोन हप्त्यांत दाणा धुतला. दोन्ही वेळा दहा मिनिटांच्या आत सगळं खाली. उकळायच्या भांड्यात २६.५ लिटर जमलं. तासभर उकळी, सुरुवातीला ४० ग्रॅम हॉप्स, शेवटची १५ मिनिटं उरली असताना आणखी २०. थंड करून २१ लिटर आंबवायच्या बादलीत, २० अंशांना ग्रॅव्हिटी १.०३६. त्यावर ११ ग्रॅम सुकं एल यीस्ट. दहा दिवसांनी १.०१३, तीन दिवसांनी पुन्हा १.०१३.

कृतीत लिहिलं होतं: सुरुवात १.०५०, शेवट १.०१२.

या चार आकड्यांतच निम्मा उलगडा होता, पण तो दिसला नाही. शेवटचा आकडा १.०१२ हवा होता, १.०१३ आला. एका पॉइंटचा, म्हणजे ०.००१ चा, फरक, म्हणजे आंबवणं व्यवस्थित झालं असं गृहीत धरलं गेलं. पण शेवटची ग्रॅव्हिटी एकटी काही सांगत नाही. ५० पॉइंटांवरून १२ वर येणं म्हणजे यीस्टने ७६ टक्के खाल्लं. ३६ वरून १३ वर येणं म्हणजे ६४ टक्केच. वर्ट पातळ होतं म्हणून शेवटचा आकडाही ९ च्या आसपास यायला हवा होता. तो १३ वर अडकला, म्हणजे वर्टमध्ये साखर कमी होती एवढंच नाही, जी होती तीही न खाता येणारी जास्त होती. एक दोष दुसऱ्याला झाकत होता.

जे उपाय आधी झाले आणि वाया गेले

यीस्टवर संशय म्हणून दुसरं पाकीट टाकलं गेलं. आठवडाभर वाट पाहिली. १.०१३ चं १.०१३.

मग ताकद वाढवायला किलोभर साखर घालायचा विचार आला. तो अमलात आला नाही हे बरं झालं. साध्या साखरेने अल्कोहोल वाढतं, अंग वाढत नाही. पाणचट बिअर आणखी पाणचट आणि वर झोंबरी झाली असती. ही तूट भरायची वेळ उकळीच्या आधीची. भांड्यात जमलेल्या वर्टची ग्रॅव्हिटी तेव्हाच मोजली असती तर १.०४१ ऐवजी १.०३० च्या आसपास दिसली असती, आणि ८०० ग्रॅम सुका माल्ट अर्क उकळीत घालून १.०५० गाठता आलं असतं. दाण्यापासून बिअर करणाऱ्याने अर्काचं एक किलोचं पाकीट कपाटात ठेवावं ते याचसाठी. कमीपणा काही नाही त्यात.

तिसरी दुरुस्ती हॉप्सची. ‘कडू लागते’ म्हणून पुढच्या घाण्यासाठी वहीत ४० चे ३० ग्रॅम केले गेले. इथे भाषा कामी येते. मराठीत कडू आणि तुरट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि बिअर चाखताना ते वेगळेच ठेवावेत. हॉप्सचा कडूपणा जिभेवर जाणवतो. तुरटपणा हिरड्या आणि गाल आवळतो, कच्च्या सुपारीसारखा किंवा फार उकळलेल्या चहासारखा. हिरड्या कोरड्या पडतात ही तक्रार हॉप्सची नाही, सालपटातल्या टॅनिनची. थोडा भाग हॉप्सचा होताच, पण तो हॉप्स जास्त पडल्याने नव्हे. ५० पॉइंटांच्या वर्टसाठी मोजलेले हॉप्स ३६ पॉइंटांच्या वर्टमध्ये पडले. पातळ वर्टमध्ये कडूपणा जास्त उतरतो आणि त्याला तोलायला गोडवा कमी. कडूपणाचं ग्रॅव्हिटीशी प्रमाण ०.६ च्या जागी ०.९ च्या वर गेलं.

आधी उपकरणं

अशा प्रकरणात कृतीला हात लावण्याआधी मोजायची साधनं तपासावीत. हायड्रोमीटर २० अंशांच्या साध्या पाण्यात सोडला, १.००० दाखवला. ठीक. (गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर बुडवून घेतलेला आकडा कामाचा नसतो. ६० अंशांच्या वर्टमध्ये तो साधारण १६ पॉइंट कमी दाखवतो. वाटीभर वर्ट गार पाण्यात ठेवून २० वर आणावं आणि मगच मोजावं.)

थर्मामीटर तबकडीचा, लांब दांड्याचा. बर्फ कुटून पाण्यात घातला आणि दांडा बुडवला तर बरोबर शून्य. बहुतेक जण इथेच थांबतात. उकळत्या पाण्यात घातला तेव्हा काटा ९५ वर थांबला. चूक सगळीकडे सारखी नव्हती, तापमानाबरोबर वाढत होती. काटा ६६ दाखवत होता तेव्हा मॅश खरं म्हणजे साडेएकोणसत्तर अंशांना होतं. काटा ८० वर होता तेव्हा दाणा धुवायचं पाणी ८४ ला पोचलेलं होतं.

पहिल्या आकड्याने यीस्ट निर्दोष सुटतं. माल्टमधल्या स्टार्चची साखर दोन एन्झाइम करतात. बीटा अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोजचे तुकडे कापतं, जे यीस्ट आवडीने खातं. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात, ७० च्या जवळ ते मिनिटांत निकामी होतं. अल्फा अमायलेज मधूनच कुठेही कापतं, ६८ ते ७२ मध्ये जोरात चालतं, आणि मागे मोठे तुकडे ठेवतं, जे एल यीस्टला पचत नाहीत. ६६ हा दोघांचा समझोता. साडेएकोणसत्तरला मॅश सुरू केलं की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बीटाचा मोठा भाग गेलेला असतो. कूलबॉक्स नंतर निवून ६६ वर आला तरी गेलेलं एन्झाइम परत येत नाही. म्हणून सुरुवातीचं तापमान महत्त्वाचं, शेवटचं कमी. दाणा ओतल्यावर काटा जास्त दिसला तर लगेच, पाच मिनिटांच्या आत, गार पाणी घालून खाली आणावं. नंतर उपयोग नाही.

फ्लास्कमधली तपासणी

थर्मामीटरने ६४ टक्क्यांचं कोडं सुटलं, पण ग्रॅव्हिटी ५० च्या जागी ३६ का, हे सुटलं नाही. ४.७५ किलो दाण्यातून जास्तीत जास्त किती निघेल याचा हिशेब असा: पेल माल्टच्या एका किलोतून एका लिटरला सुमारे ३०० पॉइंट, क्रिस्टलमधून २७०. एकूण १४१७. बादलीत आले २१ लिटर गुणिले ३६, म्हणजे ७५६. जेमतेम ५३ टक्के. कूलबॉक्सवर घरी ७० ते ७५ टक्के नेहमी मिळतात.

वीस लिटरचा आणखी एक घाणा वाया घालवण्यापेक्षा हे तीन थर्मास फ्लास्कमध्ये तपासता येतं. प्रत्येकात २५० ग्रॅम माल्ट आणि ६३० मिली पाणी, म्हणजे मोठ्या मॅशचंच प्रमाण. फ्लास्क आधी कढत पाण्याने गरम करून घ्यायचा, नाहीतर काच चार-पाच अंश खाऊन टाकते. उकळत्या पाण्यात तपासलेला नवा डिजिटल थर्मामीटर वापरला. पहिल्या फ्लास्कमध्ये जुनीच भरड, ६९.५ अंश. दुसऱ्यात मिक्सरच्या कोरड्या भांड्यात बारीक फिरवलेलं माल्ट, तापमान तेच. तिसऱ्यात मिक्सरचंच, पण ६५.५ अंश. तासाभराने गाळून, गार करून मोजलं.

जुन्या भरडीचं वर्ट १.०७९. मिक्सरच्या दोन्ही फ्लास्कचं १.०९५ च्या आसपास. या प्रमाणात सगळा स्टार्च फुटला तर १.०९७ च्या आसपास यायला हवं. म्हणजे जुन्या भरडीत जवळपास पावभाग स्टार्च दाण्यातच अडकून राहत होता. भरडीतले शंभर दाणे निवडून पाहिले तर पंधराच्या वर अख्खे होते, तबकड्यांमधून सरळ निसटलेले. पहिल्या घाण्याच्या दिवशी आयोडीनचा थेंब टाकून तपासणी झालीही होती आणि रंग बदलला नव्हता. पण थेंब वर्टच्या पाण्यावर टाकला होता. पाण्यात आलेला स्टार्च फुटलेलाच असतो. चोथ्यातले दाणे बोटाने चिरडून त्यावर थेंब टाकला तेव्हा मधला पांढरा कण काळानिळा झाला.

भरडीने तुटीचा बराचसा हिशेब लागतो, सगळा नाही. उरलेली तूट दाणा धुताना झाली. नळ पूर्ण उघडला की पाणी दाण्याच्या थरातून सारखं झिरपत नाही, सोपी वाट शोधून वेगाने निघून जातं. बाजूचा दाणा न धुतलेला राहतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्लास्कचं वर्ट पाच मिनिटं उकळून (न उकळता ठेवलं तर एन्झाइम आंबवतानाही काम करत राहतात आणि तपासणी फसते), १.०४० पर्यंत पातळ करून, भरपूर यीस्ट घालून २५ अंशांना चार दिवस ठेवलं. ६९.५ अंशांचं वर्ट १.०१४ वर थांबलं. ६५.५ चं १.००९ वर गेलं. थर्मामीटरवरचा आरोप इथे सिद्ध झाला.

पाणी, आणि तुरटपणा

लंडन परिसरातल्या नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजेच अल्कलिनिटी, भरपूर. किटलीच्या तळाशी पांढरा खर बसतो तो याचाच. मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. माशांच्या टाकीसाठी मिळणारा अल्कलिनिटीचा किट पुरतो: ५ मिली पाण्यात थेंब मोजत जायचं, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे लिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅम. या घरात १३ थेंब लागले, सुमारे २३०. पेल माल्टच्या मॅशला हे फार आहे. मॅशचा पीएच, वर्ट गार करून मोजला तर, ५.२ ते ५.६ असावा. फ्लास्कमधल्या वर्टचा ५.९ निघाला.

पाण्यावरून बिअरचा प्रकार ठरत असे, तो काळ फार जुना नाही. लंडनच्या अल्कली पाण्यात काळी पोर्टर चांगली होई, कारण भाजलेलं माल्ट आंबट असतं आणि पीएच खाली ओढतं. फिकट आणि कडक पेल एल मात्र बर्टन-अपॉन-ट्रेंटची, तिथल्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आहे म्हणून. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कोलकात्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजं भरभरून गेली ती तिथलीच बिअर. लंडनच्या नळाखाली पातेलं धरून बर्टनची बिअर करायची तर मधलं अंतर स्वतः कापावं लागतं.

आता तुरटपणा. दाणा धुताना वरून शुद्ध पाणी येत राहतं. दाण्यातली साखर आणि तिच्याबरोबर पीएच खाली धरून ठेवणारी द्रव्यं धुऊन जातात. शेवटी शेवटी वर्ट पातळ होतं आणि पीएच पाण्याकडे सरकतो. पाणी अल्कली असेल तर तो ६ च्या वर जातो, आणि मग सालपटातलं टॅनिन सुटायला लागतं. त्यात पाणी ८४ अंशांना. नुसत्या उष्णतेला दोष देणं बरोबर नाही. जर्मन डिकॉक्शन पद्धतीत मॅशचा भाग दाण्यासकट उकळतात आणि बिअर तुरट होत नाही, कारण घट्ट मॅशमध्ये पीएच खालीच असतो. उष्णता आणि चढा पीएच एकत्र आले की नुकसान होतं. या घाण्यात भरड जाड असल्याने वर्ट आधीच पातळ, त्यामुळे ती शेवटची वाईट अवस्था लवकर आली आणि २६.५ लिटर भरायचेच म्हणून धुणं चालू राहिलं.

उपाय आदल्या रात्रीचा. लागणारं पाणी थोडं जास्त घेऊन १५ मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी तळाचा पांढरा थर न हलवता वरचं पाणी नळीने काढून घ्यायचं. १३ थेंबांचे साडेचार झाले, सुमारे ८०. उकळीने चुन्याबरोबर कॅल्शियमही बसतं, म्हणून ३१.५ लिटरला ६ ग्रॅम जिप्सम. उरलेली अल्कलिनिटी निम्म्यावर आणायला ८० टक्क्यांचं लॅक्टिक अॅसिड २.४ मिली, सिरिंजने मोजून. न उकळता सगळी अल्कलिनिटी अॅसिडनेच मारायची तर १० मिलीच्या वर लागतं आणि मग त्याची आंबूस चव जाणवायच्या बेतात येते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन मारण्यासाठी कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी पहिल्या घाण्यातही पडली होती. औषधी, मलमपट्टीसारखा वास आला नाही तो त्यामुळे.

दुसरा घाणा: भरडीची उलट चूक

गिरणीच्या तबकड्या आवळल्या. इतक्या की अख्खा दाणा एकही राहिला नाही, पण सालपटंही फाटून भुसा झाला. मॅश उत्तम झालं, पहिलं वर्ट १.०९४ निघालं, आणि तीन लिटरनंतर नळ ठिबकायला लागला. मग बंद. सालपट हीच मॅशमधली गाळणी असते. ती पिठात गेली की पिठाचा लगदा तयार होतो. इथे जोर करून, नळीने ओढून उपयोग नाही, थर आणखी दबतो. नळ बंद करून ७६ अंशांचं २ लिटर पाणी घातलं, सगळं हलक्या हाताने तळापासून ढवळलं, दहा मिनिटं थर बसू दिला, मग नळ पावभरच उघडला. पहिले दोन-तीन लिटर वर्ट गढूळ येतं, ते जगने अलगद परत वर ओतायचं, स्वच्छ धार लागेपर्यंत. चाळीस मिनिटं जास्त गेली, पण घाणा वाचला.

या वेळी दाणा धुवायचं पाणी खरोखर ७६ अंशांचं होतं, प्रत्येक हप्ता सावकाश निघू दिला, आणि शेवटच्या वर्टची ग्रॅव्हिटी मोजत राहून १.०१० ला थांबवलं. भांड्यात कमी भरलं तर साधं पाणी घालून मात्रा पुरी करावी. दाण्यातून खेचू नये.

२० लिटर, १.०४९. म्हणजे ६९ टक्के. आंबवण १९ अंशांना, नऊ दिवसांनी १.०११. यीस्टने साडेसत्त्याहत्तर टक्के खाल्लं, अल्कोहोल ५ टक्के. यीस्ट तेच, त्याच दुकानातलं. बाटल्यांसाठी ९० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या घाण्यात सारखी मिसळून.

तुरटपणा गेला. पण बिअर मिळमिळीत आणि गोडसर लागली, कारण वहीत हॉप्स ४० चे ३० झालेले होते आणि ती दुरुस्ती तशीच अमलात आली. चुकीच्या निदानावरचं औषध वहीतून वेळेत खोडलं नाही तर ते पुढच्या, निरोगी घाण्याला बाधतं.

तिसऱ्या घाण्यासाठी हॉप्स परत ४० आणि २०. गिरणीसाठी एक जुनी युक्ती: भरडायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ४.७५ किलो दाण्यावर १०० मिली पाणी फवाऱ्याने मारून, हाताने कालवून ठेवणं. दळण ओलवतात तसंच. साल चिवट होते, आख्खी सुटते, आतलं मात्र कोरडं राहून बारीक फुटतं. दाणा हाताला जेमतेम दमट लागला पाहिजे, चिकटला तर पाणी जास्त झालं. तबकड्या आवळलेल्याच ठेवल्या. भरडीचं आकारमान वाढलेलं दिसलं, म्हणजे सालं फुगून मोकळी होती. नळ अर्धा उघडला तरी धार अडली नाही. २० लिटर, १.०५१. संपल्यावर गिरणी पुसून कोरडी करायला हवी, नाहीतर लोखंडी तबकड्यांना दुसऱ्या दिवशी गंज.

पहिल्या घाण्याच्या उरलेल्या बाटल्या शेडच्या थंडीत दोन महिने राहिल्या. टॅनिन प्रथिनांना धरून तळाशी बसलं आणि तुरटपणा थोडा निवळला. ३ टक्क्यांची, कोरडी, पातळ बिअर. माशाच्या पिठात घालायला बरी पडली.